तीन चेरी आणि एक नवरा

सौ. आकिएवन्संना,

वहिनीचा सप्रेम नमस्कार. फुजीच्या खांद्यावरचा बर्फ आता आखूड होऊ लागला आहे, ओढ्याकाठी रानभाजीचे कोंब वर आले आहेत आणि माझी कंबर नेहमीच्या जागी नेहमीसारखी दुखते आहे. तेव्हा इकडे सर्व क्षेम आहे असं समजावं. तुमचे गुडघे कसे आहेत? यजमानांचा रक्तदाब उतरला का? (हे सगळं मला विचारावं लागतं, कारण नववर्षाच्या कार्डावर तुम्ही त्या त्या वर्षाच्या प्राण्याचं छापील चित्र पाठवता आणि खाली नुसती सही करता. आतापर्यंत वाघ आला, ससा आला, ड्रॅगन आला, साप आला, यंदा घोडा आला. पण तुमच्या तब्येतीची खबर एकाही जनावराने आणली नाही.) फोन करता आला असता, पण फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो. पत्रात निदान खोडता येतं. वर जे काळं झालंय ते खोडलेलंच आहे, उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नये.

आता बातमी सांगते, बसून वाचा. तुमचे दादा हरवले आहेत.

घाबरू नका. ते गेले ते गेलेच, त्यात काही बदल नाही. पण डोंगरावरच्या देवळामागे त्यांच्या अस्थी ज्या झाडाखाली मातीत ठेवल्या, ते झाड नेमकं कोणतं हे आता कोणालाच सांगता येत नाही. ना मला, ना देवळातल्या बुवांना. तुम्हाला आठवत असेल (असेलच, तुम्ही मलाही विसरू दिलेलं नाही) की त्यांनी हयातीतच सांगून ठेवलं होतं: दगड नको, नाव कोरायला नको, आपल्यामागे कबर धुवायला मूलबाळ नाही, तेव्हा सरळ मातीत ठेवा आणि वर एक रानातली चेरी लावा. तीही मोठी नको. दाणाचेरी लावा, ती झुडपाएवढीच राहते, कुणाला पानं झाडायचा त्रास नाही. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, त्याला जे काही हवं असायचं ते लहानच हवं असायचं. त्या वेळी तुम्ही म्हणाला होतात, "वहिनी, हामामात्सुला आपल्या घराण्याची दगडी कबर असताना दादाला काय कोल्ह्यासारखं डोंगरात पुरताय?" त्यावर मी जे उत्तर दिलं ते मला अजून बरोबर वाटतं, म्हणून इथे पुन्हा लिहीत नाही.

आता यात माझा स्वार्थ काय तेही सांगून टाकते, म्हणजे वहिनी उगाच गळा काढते असं वाटायला नको. त्याच झाडाखाली, त्याच खड्ड्यात, शेजारी माझीही जागा राखलेली आहे. एका झाडाखाली एक जोडपं, असा तिथला रिवाज. म्हणजे झाड चुकलं तर मी आयुष्यभर ज्या माणसाच्या घोरण्याला सरावले त्याच्यापासून दूर, कुणातरी अनोळखी माणसाशेजारी कायमची पडणार. या वयात नवीन ओळखी करून घ्यायची मला मुळीच हौस नाही. शिवाय येत्या महिन्यात त्यांचं सातव्या वर्षाचं श्राद्ध आहे, बुवा पाठ म्हणायला उभे राहणार आहेत, आणि ते कोणत्या झाडाकडे तोंड करून उभे राहणार हा प्रश्न आहे.

झालं असं. या हिवाळ्यात बर्फ फार पडला, आणि तो वितळायच्या आत रानडुकरं खाली उतरली. डुकरांना कंद हवे असतात. कंदाच्या वर कोण झोपलंय याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. त्यांनी देवळामागचा सगळा उतार नांगरल्यासारखा उकरला आणि झाडाझाडाशी रोवलेल्या नावांच्या लाकडी पाट्या उपटून ओढ्यात लोटल्या. मी वसंतातल्या श्राद्धदिवसांत वर गेले (भाताचे मुटके, लोणचं आणि त्यांच्यासाठी बाटलीभर कडक शोचू घेऊन, दर वर्षीसारखी) तर कोपऱ्यात जिथे माझ्या आठवणीत दोन झुडपं होती तिथे तीन उभी: एक ओढ्याकडे, एक मध्ये, एक पायवाटेकडे. पाटी एकावरही नाही. तिन्ही चेरीच. तिन्हींची उंची माझ्या खांद्याएवढी. तिन्हींना कळ्या.

तुम्ही म्हणाल, वर्षातून तीनदा जाता, मग झाड ओळखता येऊ नये का? अहो, मी पाटी ओळखत होते! ती ओढ्याच्या बाजूला असायची, एवढंच आठवतं. पाटीपुढे उभी राहायचे, पाटीला नमस्कार करायचे, पाटीशी भांडायचे. नवऱ्याला बायको तोंडावरून ओळखते, झाडाला कुठलं तोंड? मी बुवांना बोलावून आणलं. देवळात जमिनीचा एक नकाशा आहे, तो त्यांच्या वडिलांनी केलेला. पण त्यातली सगळी मापं एका मोठ्या चेस्टनटच्या झाडापासून धरलेली आहेत आणि तो चेस्टनट एका वादळात मुळासकट दरीत गेला. त्यामुळे नकाशावरून एवढंच कळतं की या कोपऱ्यात दोन जागा आहेत: एक मोचिदा, म्हणजे आमची, त्यावर दाणाचेरी, एक कान्बे, त्यावर लवंगचेरी. तिसऱ्या झाडाचा नकाशात पत्ता नाही. बुवा म्हणाले, ते पक्ष्याने टाकलेल्या बीचं असणार, आपोआप उगवलेलं.

मग त्यांनी जरा घसा साफ केला आणि म्हणाले, "काकू, रागावणार नसाल तर एक सांगतो." (या वाक्यानंतर मी आजवर कधी न रागावता राहिलेली नाही.) "डुकरांनी हे पहिल्यांदा केलेलं नाही. तुमच्या यजमानांना ठेवलं, त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात एकदा पाट्या उपटल्या होत्या. मी परत लावल्या."

"बघून लावल्या ना?"

"भक्तिभावाने लावल्या," बुवा म्हणाले.

म्हणजे वन्सं, हा घोळ यंदाचा नाही. हा जुना घोळ आहे, यंदा फक्त उघडा पडला. इतकी वर्षं मी ओढ्याकडच्या झुडपापुढे उकिडवी बसून जे काही बोलले, ओतलं, रडले, खाल्लं, ते तुमच्या दादांपुढे की कान्बे नावाच्या कुणापुढे, की नुसत्या पक्ष्याच्या विष्ठेतून उगवलेल्या झाडापुढे, हे बुवांच्या भक्तिभावावर अवलंबून राहिलं. मी त्यांना काही बोलले नाही. म्हणजे बोलले, पण देवळाच्या आवारात ते बोलायला नको होतं.

आता एकच मार्ग उरला. तिन्हींतली दाणाचेरी कोणती ते ओळखायचं. जिथे दाणाचेरी तिथे हे. सोपं वाटलं ना? मलाही वाटलं. मी बसने ओत्सुकीला गेले आणि रानातल्या झाडांचं एक जाड पुस्तक विकत आणलं. चेरीच्या देशात जन्मून मी पंचाहत्तरीला आले, दर वसंतात फुलांखाली चटई टाकून बसले, आणि मला वाटत होतं की चेरी म्हणजे चेरी. फार तर घाटातली पांढुरकी आणि शाळेपुढची गुलाबी. पुस्तकात पानंच्या पानं चेरी! एकीच्या फुलाच्या देठाला केस, दुसरीच्या नाहीत. एकीचं पान फुलाबरोबर येतं, दुसरीचं मागून. आपण फुलं बघायला जातो, फुलं बघायला जातो म्हणतो, पण खरं काय करतो? बसतो आणि डबा उघडतो. फुलाच्या खाली एक नळी असते हे तुम्हाला तरी ठाऊक होतं का? मला नव्हतं. त्या नळीवर माझा पुढचा सगळा मुक्काम ठरायचा होता.

पुस्तक म्हणतं: दाणाचेरीचं फूल खाली मान घालून असतं, त्याखालची नळी आखूड, घंटेसारखी, पान लहान आणि पानाच्या दात्यांना पुन्हा बारीक दाते. लवंगचेरीची नळी लांब, लव असलेली, अगदी लवंगेसारखी. पाकळ्या इवल्याशा, आणि पानाला दोन्ही अंगांनी मऊ केस. मी म्हटलं, झालं काम. पण खाली वाचत गेले तर प्रत्येक वाक्यात एक "बहुधा" दबा धरून बसलेला. नळी बहुधा आखूड. केस बहुधा विरळ, क्वचित दाट, कधी कधी मुळीच नाहीत. आणि सगळ्यांत शेवटी बारीक अक्षरांत: या दोन्ही जवळजवळ वाढत असतील तर त्यांचा संकर होतो, आणि तो संकर दोघींसारखा दिसतो किंवा दोघींपैकी एकीसारखाही दिसत नाही. माणसाने हे वाचून करायचं काय? पुस्तक लिहिणाऱ्याच्या बायकोने त्याला कधी विचारलं नसेल का, की तुम्ही जेवायला घरी येणार आहात की नाही? आणि हा म्हणाला असेल, बहुधा!

केस मोजायचे तर डोळे धड नाहीत. मग ह्यांचं घड्याळं उघडायचं भिंग काढलं, ते डोळ्यात बसवायचं काळं, नळकांड्यासारखं. (या भिंगातून त्यांना मनगटी घड्याळातल्या धुळीचा कण दिसायचा, समोर मी केस नवीन तऱ्हेने कापून आलेली दिसायची नाही.) ते डोळ्यात खोचून मी उतारावर गुडघ्यांवर बसले. फुलं आता उमलली होती. ओढ्याकडच्या झाडाचं एक फूल धरलं, नळी बघितली: लांब, केसाळ. म्हणजे लवंगचेरी. म्हणजे हे नव्हेत. मग पान बघितलं: चिमुकलं, दात्यांना दाते. म्हणजे दाणाचेरी. म्हणजे हेच. मी पुन्हा नळी बघितली, पुन्हा पान बघितलं, आणि नवरा आहे, नाही, आहे, नाही असं करता करता भिंग घामाने निसटून गवतात पडलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई, माझ्या झाडाशी काय करताय?"

हेच ते कान्बेराव. म्हणजे मेलेले नव्हे. मेल्या त्यांच्या पत्नी, तोमिकोबाई, बालवाडीच्या शिक्षिका. हे खालच्या गावात न्हावी होते, आता दुकान पुतण्याला दिलंय. गोल चेहरा, टोपीखाली स्वतःचा एक केस नाही, आणि हातात छाटायची कात्री. मी म्हटलं, तुमचं झाड मधलं ना? पाटी तर मधल्यावर होती. तर म्हणाले, "हो, पण बुवा सांगतात आता काही खरं नाही. म्हणून मी तिघांवर नजर ठेवून आहे." मी त्यांना सगळं समजावलं: नळी, लव, दाते, बहुधा. त्यांनी भिंग उचललं, पुसलं, डोळ्याला न लावताच फुलाच्या देठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे केस नव्हेत मोचिदाबाई, ही लव. केस वेगळा, लव वेगळी. केस असता तर उलट फिरवल्यावर अडला असता." आता या बाबतीत न्हाव्याशी वाद कोण घालणार? पण त्याच फुलावर माझा अंगठा फिरवला तर मला अडल्यासारखं वाटलं. त्यांनी पुन्हा फिरवला. त्यांना अडलं नाही. फूल गळून पडलं. पुरावा गेला.

मग आम्ही मधल्या झाडाकडे वळलो. पुस्तक म्हणतं, नुसत्या ठेवणीवरूनही अंदाज येतो, दाणाचेरीच्या फांद्या बुडापासून फुटून पसरतात. मधल्याला ठेवण नावाची गोष्टच नव्हती. चारी बाजूंनी गोल, वर सपाट, कानांवर बारीक. मी कान्बेरावांच्या कात्रीकडे बघितलं. ते जरा लाजले. म्हणाले, तोमिकोला टापटीप आवडायची, म्हणून दर वसंतात थोडं कापतो. वन्सं, नीट ध्यान द्या. मधल्या झाडाची नळी आखूड निघाली, घंटेसारखी. म्हणजे दाणाचेरी. (पान मात्र मऊ लवेचं, लवंगचेरीचं. असो.) म्हणजे तिथे जर तुमचे दादा असतील, तर ज्या माणसाने लग्नानंतर माझ्याखेरीज कुणाच्या कात्रीपुढे मान वाकवली नाही, त्याची हजामत एक परका माणूस इतकी वर्षं बिनबोभाट करत आला आहे! आणि कापून झाल्यावर समोर पुरण भरलेल्या तांदळाच्या मोची ठेवत आला आहे. ह्यांनी मोचीला कधी हात लावला नाही, कवळीला चिकटतात म्हणून.

मी हे बोलून दाखवलं. कान्बेराव ओशाळले आणि म्हणाले, बरं, मग ओढ्याकडच्या झाडाला, म्हणजे कदाचित आमच्या तोमिकोला, तुम्ही काय द्यायचात? मी म्हटलं, शोचू. बार्लीची. पाण्याशिवाय. तर माणूस कात्री खाली ठेवून पोट धरून हसायला लागला. म्हणे तोमिकोने जन्मात थेंब घेतला नाही, लग्नातला विधीचा पेलासुद्धा नुसता ओठांना लावला, "तरीच म्हटलं, ओढ्याकडच्या झाडाची फुलं दर साल अशी झोकात कशी!" मलाही हसू आलं. मग आम्ही तिथेच बसून एकमेकांना हिशेब दिला की इतकी वर्षं कोण कुणाला काय सांगत होतं. (तुमच्याबद्दल मी जे जे बोलले ते बहुधा सगळं तोमिकोबाईंना माहीत आहे. माफ करा. त्या बोलणाऱ्यातल्या नव्हत्या असं कान्बेराव सांगतात, हीच काय ती सोय.)

हसता हसता मला एकाएकी रडू आलं, तेही सांगते, लपवत नाही. गेल्या शरदात मी ह्यांचं दुकान बंद केलं. भिंतीवरची घड्याळं उतरवली, ज्यांची होती त्यांना नेऊन दिली, शटर ओढलं. तो दिवस मला फार जड गेला, आणि दुसऱ्याच दिवशी मी वर जाऊन ह्यांना सगळं सांगितलं होतं. कुणाचं कुठलं घड्याळ दिलं, कोण काय म्हणालं, शेवटचं कोणतं उतरवलं. आता उतारावर बसून माझ्या लक्षात आलं की ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नसेल. म्हणजे त्यांच्या लेखी दुकान अजून चालूच. मी कान्बेरावांना म्हटलं, एवढी एकच गोष्ट मला त्यांच्या कानावर घालायची होती हो, आणि तीच मी भलत्या बाईला सांगून बसले.

कान्बेरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "मी सांगितलंय. गावातलं सगळं मी मधल्या झाडाला सांगतो, तोमिकोला चौकशा फार. घड्याळवाल्यांचं दुकान मिटलं, त्यांच्या मंडळींनी एकटीने शिडीवर चढून घड्याळं उतरवली, हे त्याच आठवड्यात सांगितलं होतं." मला इतकं हलकं वाटलं वन्सं, की विचारू नका. आणि पाठोपाठ रागही आला, की आमच्या घरातली बातमी परक्या माणसाने का सांगावी, आणि शिडीचं कशाला सांगायचं? ह्यांनी मला शिडीवर चढायची बंदी केली होती.

एवढं झाल्यावर आम्हाला वाटलं, ठरलं: मधलं झाड हे, ओढ्याकडचं तोमिकोबाई, नव्या पाट्या अदलाबदल करून लावायच्या. पण जाता जाता मी (माझी खोड!) तिसऱ्या, पायवाटेकडच्या झाडाचं फूल सहज म्हणून भिंगाखाली धरलं. नळी आखूड, घंटेसारखी. मान खाली. पान चिमुकलं, दात्यांना दाते, लव जेवढी सांगितली तेवढीच. पुस्तकातल्या चित्राची नक्कल म्हणावी इतकी अस्सल दाणाचेरी. एकही "बहुधा" नाही! आणि हेच ते पक्ष्याने लावलेलं झाड, ज्याच्याखाली कोणीच नाही. कान्बेरावांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग आम्ही दोघं देवळात जाऊन बुवांना जेवणावरून उठवलं.

बुवा म्हणाले, नाही नाही, ती जागा रिकामीच होती, तिथे मी वाळलेली पानं जाळायचो. मी विचारलं, नक्की? म्हणाले, नक्की. कान्बेरावांनी विचारलं, तिथेच की पलीकडे? बुवा उतारावर आले, तिथे उभे राहिले, पलीकडे उभे राहिले, डोळे मिटून पानं जाळल्यासारखे हात हलवले, आणि म्हणाले, "आता तुम्ही विचारल्यावर मला पलीकडे वाटायला लागलंय." म्हणजे पायवाटेकडचं झाड ह्यांचं असू शकतं. मग उरलेल्या दोनांतलं एक तोमिकोबाईंचं आणि एक पक्ष्याचं. म्हणजे आम्हा दोघांपैकी कुणीतरी एकाने आजवर पक्ष्याच्या झाडाची मनोभावे सेवा केली असावी. एखाद्याला चक्कर येईल अशी ही गत आहे, आणि मी हे तुम्हाला जमेल तितकं सरळ करून लिहिते आहे.

त्यानंतर मी आणखी दोनदा वर गेले. एकदा कान्बेरावांनी आपल्या पुतण्याची केसांच्या रंगांची पट्टी आणली होती, पाकळ्यांचा रंग ताडून बघायला. तिन्ही झाडं "हलका तांबूस, क्रमांक चार" मध्ये बसली. एकदा मी हट्टाने तिन्ही झाडांना विचारलं. म्हणजे सरळ तोंडाने, मोठ्याने, नावानिशी. वारा आला, आणि तिन्ही हलली. ह्यांच्या स्वभावाप्रमाणे बघितलं तर जे झाड हललं नसतं तेच ते. उत्तर द्यायची ह्यांना कधी सवय होती? बुवांनी तोडगा काढला की श्राद्धाच्या दिवशी तिन्ही झाडांना मिळून एकच पाठ म्हणू, पुण्य वाटून जाईल. मी साफ नाही म्हटलं. मी लग्न एकाशी केलं आहे. वाटून घ्यायला ते काही सणाचं लाडूसामान नाही.

तर अशी इकडची हकिकत. दगडाच्या कबरीवर नाव असतं, ते डुकरांना उपटता येत नाही, हे तुम्ही तेव्हा म्हणाला होतात. (डुकरांचं म्हणाला नव्हतात, पण अर्थ तोच.) ते पुन्हा म्हणायची ही चांगली संधी आहे, हे मला कळतं. कृपया म्हणू नये. यजमानांना नमस्कार सांगा. मीठ कमी खायला सांगा, ऐकणार नाहीत हे ठाऊक आहे. बाकी लिहिण्यासारखं काही नाही, असं म्हणून मी कागद उलटला आणि आणखी लिहिलं, ते खाली आहे.

आपली,
इकुयोवहिनी

ता. क. सोबत वाळवलेली पर्सिमनची फळं पाठवते आहे. यंदा गोड झालीत. दोन काळी पडलेली आहेत ती माझ्याकडून चुकून गेली असं समजा.

ता. क. पुन्हा. आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहिते. वसंतात ते गेले आणि त्या वर्षीच्या शरदात ह्यांच्या अस्थी मातीत ठेवल्या, तेव्हा मी उसण भरून अंथरुणाला खिळले होते. तुम्ही होतात. तुमच्या हातांनी ठेवलंत. मी तेव्हा तुम्हाला कसं झालं, कुठे ठेवलं, एवढंसुद्धा विचारलं नाही. विचारलं तर तुम्ही रडाल आणि मग मलाही तुमची बाजू पटेल, अशी भीती वाटली. परवा बुवांनी सांगितलं की पाऊस लागला, सगळे खाली जेवायला गेले, आणि तुम्ही त्या एका पान नसलेल्या काडीवर छत्री धरून बराच वेळ तिथेच उभ्या होतात. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही छत्री कशावर धरली होती, वन्सं? ओढ्याकडे, मध्ये, की पायवाटेकडे? पत्राने कळवू नका. श्राद्धाला या आणि दाखवा. दोन्ही पांघरुणं उन्हात घालून ठेवली आहेत.

ता. क. शेवटचं. इतक्या वर्षांनी तुम्हालाही ओळखू आलं नाही, तर बुवांसमोर आणि कान्बेरावांसमोर तसं बोलू नका. जरा वेळ उभ्या राहा, मग कुठल्याही एका झाडापुढे जाऊन "दादा" म्हणून हाक मारा. मी तेच झाड धरीन, माझी जागाही तिथेच, आणि वाद घालणार नाही.